इंदूर: गावातली जुनी भाड्याची इमारत, मिल कामगारांची घरं आणि गेडिससाहेब

ओसरीवाली

रस्ता रुंदीकरणात इंदूर गावातली कितीतरी जुनी घरं पुढून कापली गेली. जी वाचली त्यांच्यावर आता बिल्डरांचा डोळा आहे. माझ्या माहेरची इमारत त्यातलीच. जेल रोडच्या मागच्या अंगाला, तीन मजली, वीट-चुन्याची, सागाचे खांब. प्रत्येक मजल्यावर रस्त्याकडे लांबच लांब गॅलरी आणि तिच्यात उघडणारी दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं. हा वाडा नव्हे. भाड्यानं द्यायच्या हिशोबानंच बांधलेली इमारत. होळकरांच्या कचेऱ्यांतले कारकून, छापखान्यातले जुळारी, मिलमधले जॉबर अशी वस्ती होती. आता मालकांची पुढची पिढी पाडायचं म्हणते आहे आणि भाडेकरूंत दोन तट पडलेत.

राजवाडा जपायचा, लालबाग जपायची, यावर कुणाचं दुमत नाही. पण नोकरदार-कष्टकऱ्यांनी ज्यात संसार केले ती इमारत वारसा ठरते का? की ती फक्त अडचणीची जुनी जागा? आईला विचारलं तर म्हणाली, "वारसा तू बघ. मला घरात संडास हवा."

इंदूरच्या मिल कामगारांच्या घरांबद्दल कुणाला माहिती असेल तर तीही लिहा.

जीरावन

आईंना +१. धागा संपला. (हलकं घ्या.)

सिमेंटभक्त

पाडा. मी स्पष्टच लिहितो, राग मानू नका. जुन्या इमारतींचं प्रेम बहुतेक वेळा तिथून बाहेर पडलेल्यांना असतं. ताई, तुम्ही आता कुठे राहता? लिफ्ट असेल ना? तिसऱ्या मजल्यावरून गुडघे धरत उतरणाऱ्या माणसाला गॅलरीचं कौतुक सांगून बघा.

ओसरीवाली

@सिमेंटभक्त, राहते फ्लॅटमध्येच, लिफ्टही आहे. म्हणूनच एकटीचं मत न मांडता धागा काढला.

गल्लीबोळ

इंदूरचं नाव निघालं आणि विषय कामगारांच्या घरांचा, म्हणजे पॅट्रिक गेडिसला वगळून चालणार नाही. जरा लांबतंय, सोसून घ्या.

हा मूळचा स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झाला. १८८०च्या दशकात लग्नानंतर बायकोला, ॲनाला घेऊन एडिंबरोच्या चांगल्या वस्तीतून उठला आणि जुन्या गावात जेम्स कोर्ट नावाच्या पडझड झालेल्या उंच भाड्याच्या इमारतीत राहायला गेला. तिथेच राहून, शेजाऱ्यांना हाताशी धरून झाडझूड, रंगरंगोटी, दुरुस्ती, मधल्या पडीक जागेत बाग, असं काम सुरू केलं. सगळी वस्ती उठवायची नाही. जे मोडकळीला आलंय तेवढंच काढायचं, बाकीच्याला मोकळा श्वास द्यायचा, ही त्याची पद्धत तिथे घडली.

तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबारानं त्याला इंदूरचा आराखडा करायला बोलावलं. १९१८ साली त्याचा दोन खंडांचा अहवाल निघाला. त्यात नद्या आहेत, विद्यापीठाची कल्पना आहे, मिल कामगारांसाठी झाडं-अंगणं असलेली नवी औद्योगिक वस्ती आहे आणि जुन्या गावातल्या गल्ल्यांची बारीक तपासणी आहे. इथे रस्ता सरळ करायच्या नादात किती घरं जातील, त्यापेक्षा दोन पडकी घरं काढून चौक मोकळा केला तर खर्च किती वाचेल, असा हिशोब. अंगणातली तुळस नीट राखलेली दिसली की घर सांभाळलं जातंय, असं तो धरून चालायचा.

आणि दिवाळीची मिरवणूक! गावात प्लेगची भीती. गेडिसनं दवंडी पिटवली की यंदा मिरवणूक नेहमीच्या रस्त्यानं नाही. ज्या मोहल्ल्यात घरांची सफाई आणि दुरुस्ती सगळ्यांत जास्त होईल तिथून जाईल. गावभर झाडलोट सुरू झाली, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या बाहेर गेल्या. मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच, पण प्लेगचा भला थोरला उंदीर होता, घाणीचा राक्षस होता, आणि त्यांच्या मागून स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घातलेले सफाई कामगार मानानं चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर दोन्ही जाळले. लोकांना तुळशीची रोपं वाटली.

जीरावन

म्हणजे स्वच्छतेत नंबर आणायची खाज आम्हाला शंभर वर्षांपासूनची आहे तर!

माळव्याचीमाऊ

अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) यातूनच आल्या का? कामगार मिलच्या आवारात महिना-महिना खपून बनवायचे त्या.

गल्लीबोळ

@माळव्याचीमाऊ, नाही, त्या गणेशोत्सवातून आल्या. हुकुमचंद मिलच्या झांकीनं शंभरी ओलांडली. मिला बंद पडल्या तरी कामगार वर्गणी आणि अनुदान जमवून झांक्या काढतात, यातच काय ते समजा.

बदली_कामगार

नंदानगरमध्ये जन्मलो, वाढलो. वडील मिलमध्ये आधी बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी), मग कायम. घरांबद्दल मीच लिहिलेलं बरं.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली केंद्रानं औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी अनुदानाची योजना आणली. त्या काळात इंदुरात उभी राहिलेली मोठी कामगार वस्ती म्हणजे नंदानगर. नाव गुलझारीलाल नंदांचं. इंदूरच्या कामगार चळवळीत द्रविडसाहेब, रामसिंहभाई वर्मा ही माणसं होती. वि. वा. द्रविड आपले मराठीच. पुढे मध्य प्रदेशचे श्रममंत्री झाले.

आमचं क्वार्टर: पुढे ओटा, मग एक खोली, तिला लागून स्वयंपाकघर, मागे अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात संडास-न्हाणी. बस्स. पण ते अंगण! आईनं पहिल्याच वर्षी अर्ध्या अंगणावर कवेलू (कौलं) टाकले. तिथे चूल गेली आणि स्वयंपाकघर झालं ताईच्या अभ्यासाची खोली. मग काकांचं लग्न ठरल्यावर उरलेल्या अंगणावर पत्रे. माझ्या वेळेपर्यंत पुढच्या ओट्यालाही भिंत आली, तिथे वडिलांच्या निवृत्तीनंतर भावानं पिठाची गिरणी टाकली. आज तिथे वर दोन मजले आहेत. सरकारनं दिलेलं घर तेवढंच, पण ते वाढवता येत होतं, म्हणून आम्ही टिकलो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना कुठून वाढवणार? गॅलरी अडवाल, आणखी काय!

आणि भोंगा वाजल्यावर पायी मिलच्या गेटवर पोहोचता यायचं. घर कामाजवळ असणं काय असतं, ते आता मुलं दीड तास बसमध्ये लोंबकळतात तेव्हा कळतं.

गेडिससाहेबांबद्दल आदर आहे. पण तुळस बघून घर ओळखणाऱ्यानं त्या तुळशीला घालायचं पाणी कुणी, किती लांबून आणलं तेही बघावं. हुकुमचंदवाल्यांच्या थकीत पैशांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि २२४ कोटींचा धनादेश आला २५ डिसेंबर २०२३ला, ४८०० कामगारांसाठी. किती जण तोवर गेले होते. तेव्हा घर नसतं तर ती कुटुंबं रस्त्यावर आली असती.

सिमेंटभक्त

> सरकारनं दिलेलं घर तेवढंच, पण ते वाढवता येत होतं

हे मान्य. जमिनीवरचं घर आणि मजल्यावरची खोली यांत हा फरक आहेच. म्हणजे माझाच मुद्दा झाला ना?

बदली_कामगार

तुमचा मुद्दा 'पाडा' होता. पाडून बिल्डर काय बांधणार? अंगण देणार आहे का?

लाइन_नंबर_आठ

ग्वाल्हेरकडून हजेरी. बिर्लानगरात जे. सी. मिलच्या कामगारांसाठी अशाच लाइनी. पत्ताच 'लाइन नंबर अमुक' असा. मिल गेली, लाइनी राहिल्या. मालकीचा गुंता अजून सुटलेला नाही. आमच्याकडे घराचं कौतुक करायचं की कागदाची काळजी करायची, हेच कळत नाही.

पोळवासी

बडोद्यातून वाचतोय. गेडिसनं १९१६ला बडोद्याचाही अहवाल केला होता. आमच्या पोळांत, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या वस्त्यांत, नव्या पिढीला मोटारसायकल आत येत नाही एवढंच दिसतं. चालू द्या.

वरळीची_खोली

मुंबईचं उदाहरण द्यायलाच हवं. सरकारनं कामगारांसाठी इमारती बांधल्या तर काय होतं, ते बीडीडी चाळींत बघा. गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात, १९२०ला खास विकास खातं (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, तेच बीडीडी) निघालं. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता, झाल्या सोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. तळमजला अधिक तीन, एका मजल्यावर वीस खोल्या, एका इमारतीत ऐंशी. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला सामाईक. कॉंक्रीट इतकं पक्कं की खिळा ठोकताना हात दुखायचा. सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्याच पडल्या होत्या. कामगारांना भाडं परवडेना. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा तुरुंग केला होता, यातच त्या बांधणाऱ्यांची दृष्टी दिसते.

आणि त्याच खोल्यांत पुढे माणसांनी काय काय उभं केलं! व्यायामशाळा, भजनी मंडळं, गावाची मंडळं, कामगार चळवळ. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. माझ्या आत्याला टॉवरमध्ये किल्ली मिळाली. संडास घरात, दोन-दोन. खूश आहे. फक्त दार लोटून बसावं लागतं, कारण लिफ्टच्या बोळात उजेड नाही आणि येणारं-जाणारं कुणी दिसत नाही. "शेजारीण काय खाते, वासावरूनही कळत नाही," अशी तक्रार आहे तिची.

माळव्याचीमाऊ

आत्या भारी आहेत. पण दोन संडास सोडून त्या परत जातील का? विचारून सांगा.

वरळीची_खोली

विचारलं. "वेडी आहेस का," म्हणाली.

हडसनकाठ

आमच्या इकडचं सांगतो. ब्रुकलिनच्या कॉबल हिल भागात आल्फ्रेड ट्रेडवे व्हाइट नावाच्या श्रीमंत माणसानं १८७७ ते ७९च्या सुमारास कामगारांसाठी होम आणि टॉवर बिल्डिंग्ज बांधल्या. त्या वेळी न्यूयॉर्कमधल्या गरिबांच्या इमारती म्हणजे आत अंधार, मधल्या खोल्यांना खिडकीच नाही आणि संडास मागच्या आवारात. व्हाइटनं जिने बाहेर काढले, मनोऱ्यांत. प्रत्येक मजल्याला बाहेरून उघडी गॅलरी, प्रत्येक घराला स्वतंत्र संडास, खोलीला आरपार वारा आणि मधे मोकळं अंगण. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा गिरगावातली चाळ विटांची करून इकडे आणल्यासारखी वाटली.

त्याचं म्हणणं: हा धर्मादाय नाही. भाडं परवडेल एवढंच घ्यायचं, गुंतवणुकीवर पाच टक्के परतावा मिळवायचा. लंडनमध्ये सिडनी वॉटरलो या गृहस्थाच्या कंपनीनं १८६३पासून तसं करून दाखवलं होतं, तिथूनच त्यानं धडा घेतला. पण असे पाच टक्क्यांवर समाधान मानणारे किती? शेवटी १९०१ला न्यूयॉर्कमध्ये कायदाच करावा लागला: नव्या इमारतीत प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी आणि प्रत्येक घरात संडास हवा.

त्या कामगारांच्या इमारती आज उभ्या आहेत, उत्तम राखलेल्या आहेत, आणि त्यात एकही कामगार राहू शकणार नाही इतक्या महाग आहेत.

सिमेंटभक्त

घ्या! जपून काय मिळवलं? इमारत राहिली, माणसं गेली.

गल्लीबोळ

@सिमेंटभक्त, पाडल्यावर माणसं राहतात असं थोडंच आहे? दोन्हीकडे माणसं जातात, भाव वाढला की. व्हिएन्नात कार्ल मार्क्स हॉफ ही कामगारांची वसाहत बघा. १९३०ला पुरी झालेली, किलोमीटरभर लांबीची, तेराशेच्या वर घरं. धोबीघर, बालवाड्या आवारातच. अजून ती नगरपालिकेची आहे आणि अजून भाड्यानंच जाते. मालकी कुणाकडे, हा खरा प्रश्न. वीट-चुना नंतर.

जीरावन

आता मार्क्सही आले. मी चहा टाकतो, कुणाकुणाला हवा?

चुना_सुरखी

मी आर्किटेक्ट, इंदूरमध्येच काम करतो. दोन मुद्दे.

एक, @बदली_कामगार यांनी अंगणाचं जे लिहिलं तोच विचार आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी १९८०च्या दशकात अरण्य या वस्तीत पद्धतशीर केला. इंदूर विकास प्राधिकरणाची योजना. सगळ्यांत गरीब गटाला साधारण ३५ चौरस मीटरचा भूखंड. त्यावर जोतं, संडास-न्हाणी, नळ-वीज जोडणी. पुढचं घर कुटुंबानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. दोशींच्या संस्थेनं नमुन्याची ऐंशी घरं बांधून दाखवली, बाहेरचा जिना, ओटा, वरची गच्ची कशी जोडता येते त्याची. १९९५ला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. दोशींना २०१८ला प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळाला तेव्हा परदेशी लोक नमुन्याची घरं बघायला येत. बघण्यासारखी खरी मागच्या गल्लीतली, जिथे लोकांनी नकाशा गुंडाळून ठेवून स्वतःला हवं ते केलंय. अर्थात अनेकांनी भूखंड विकले, हेही खरं. भाव वाढल्यावर गरिबाच्या हातात जमीन टिकवणं ही कुठल्याच नकाशाला न जमलेली गोष्ट आहे.

दोन, @ओसरीवाली, तुमच्या इमारतीची प्रकृती कशी आहे? 'जुनी' आणि 'धोकादायक' यांत फरक आहे. खालच्या भिंतींना लोणा (ओलीनं वर येणारा खार) लागलाय का? कुणी सिमेंटचा गिलावा चढवलाय का? चुन्याच्या भिंतीवर सिमेंट लावलं की ओल आतच कोंडते आणि विटा भुगा व्हायला लागतात. मग लोक म्हणतात, इमारत म्हातारी झाली.

ओसरीवाली

@चुना_सुरखी, अगदी हेच झालंय. तळमजल्याला कमरेपर्यंत सिमेंट. त्याच्या वर पांढरी पूड निघते आणि खाली नखानं खरवडलं तर वीट हातात येते. वरचे दोन मजले मात्र ठणठणीत. सागाचे खांब टोकरून बघितले, कीड नाही. गॅलरीच्या फळ्या दोन ठिकाणी लचकतात. मागच्या बाजूला मात्र सामाईक संडासांची रांग, एका मजल्याला दोन, दारांना कडी आतून नाही, दोरी आहे. आत गेलेल्यानं दोरी धरून बसायचं. लग्न होऊन इथून जाताना मला सगळ्यांत आनंद ती दोरी सुटल्याचा झाला होता, हे आईला अजून सांगितलेलं नाही.

माळव्याचीमाऊ

दोरी! आमच्याकडे डबा बाहेर ठेवायची पद्धत होती. डबा दिसला की आत कुणीतरी आहे. एकदा काका डबा विसरून ऑफिसला गेले आणि सगळा मजला तासभर ताटकळला.

जीरावन

हे वाचून चहा परत ठेवला.

मोडी_लिपिक

इतकं वाचल्यावर एवढंच लिहितो: घरात संडास हवा आणि इमारत हवी, यांत भांडण का लावताय? मागच्या संडासांच्या रांगेच्या जागी मजल्यामजल्याला जोडून आरसीसीचा स्वतंत्र मनोरा उभा करता येतो. प्रत्येक बिऱ्हाडाला एक. व्हाइटनं जिने बाहेर काढले, तुम्ही संडास बाहेरून जोडा. जुन्या भिंतींवर भारही येत नाही.

चुना_सुरखी

@मोडी_लिपिक, अगदी होतं. दोन इमारतींत केलंय. मागे सात-आठ फूट जागा हवी आणि मलवाहिनीचा उतार जमायला हवा. खर्च नव्या इमारतीच्या मानानं थोडा. पण मालक तो का करेल? जुन्या भाड्यात गिलाव्याचाही खर्च निघत नाही. भाडेकरूंनी वाटून घेतला तर मालक म्हणणार, मग हक्क कुणाचा? बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. इमारतीवर प्रेम नसतं म्हणून नाही.

कोर्टाची_पायरी

वकील आहे, म्हणून तेवढंच लिहिते. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ प्रमाणे दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीसाठी मालक जागा रिकामी करून मागू शकतो. पण भाडेकरूला काम झाल्यावर परत जागा मागता येते. मात्र ते आदेश होतानाच नोंदवून घ्यावं लागतं. 'नंतर बघू' म्हणणारे नंतर बघतच राहतात. बिल्डरबरोबर करार होणार असेल तर चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) लिहून घ्या, 'एवढ्या फुटांचा फ्लॅट' असं मोघम नको. मधल्या काळाचं भाडं कोण भरणार, किती महिने, उशीर झाला तर काय, हे सगळं नोंदणीकृत करारात. तोंडी काही नको, मग समोरचा कितीही घरचा असो.

सिमेंटभक्त

वकीलबाईंशी पूर्ण सहमत. आणि मोडी_लिपिक यांचा मनोरा परवडत असेल तर माझा 'पाडा' मागे घेतो असं नाही, पण आधी अंदाजपत्रक काढा, एवढं म्हणेन. तिसऱ्या मजल्याचा प्रश्न तरी राहतोच.

बदली_कामगार

तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना तळमजल्यावर आणा आणि तरुणांना वर पाठवा. आमच्या गल्लीत तसंच केलं, दोन घरांनी आपसात अदलाबदल केली. कुणाच्या परवानगीची वाट बघितली नाही.

ओसरीवाली

अदलाबदलीचं सुचलंच नव्हतं. तळमजल्यावर एक शिंपीकाका आहेत, मुलगा-सून वर जायला तयार होतील. आईला विचारलं, तिचा पहिला प्रश्न, "खाली नळाला पाणी जास्त वेळ येतं का?" येतं. झालं मग.

मालकांशी बोलायच्या आधी मागची जागा मोजून घेते आणि तळमजल्याचं सिमेंट काढून पाहायचं ठरवलंय, निदान एका भिंतीचं. @चुना_सुरखी, इंदुरात चुन्याचं काम करणारे गवंडी अजून आहेत का?

चुना_सुरखी

आहेत, थोडे. एकाचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. सिमेंट काढल्यावर भिंत लगेच झाकू नका, एक उन्हाळा तरी वाळू द्या. आणि मजुरीचा भाव आधी ठरवा. ते चुना विरायला लागणारे दिवसही धरतात, आणि ते बरोबरच आहे.